रुमालाखालचा हात

मी टीव्हीच्या मालिका लिहितो. तीस वर्षांत मी जेवढी लग्नं लावली तेवढी आमच्या शुब्रा मोहल्ल्याच्या सगळ्या गल्ल्यांत मिळूनही लागली नसतील. रमजानची मालिका तीस भागांची. शेवटच्या भागात लग्न लावलं नाही तर बाजारात बायका मला गाठून जाब विचारतात, आणि पहिल्याच भागात लावलं तर उरलेल्या एकोणतीस भागांत काय दाखवायचं, असं निर्माता विचारतो. म्हणून मी शक्यतो शेवटीच लावतो.

ह्या सगळ्या लग्नांत नवऱ्या मुली बदलल्या, नवरदेव बदलले, दिवाणखान्याचे पडदे बदलले. काझी मात्र एकच राहिला. दसूकी शलबी. मुळात हा शिंपी. शेख-काझी मंडळींचे लांब कफ्तान शिवण्यात आमच्या कैरोत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा स्टुडिओत कफ्तान पोचवायला आला, तर काझीचं काम करणारा नटच आलेला नव्हता. दिग्दर्शक म्हणाला, "घाल बघू अंगात." दसूकीने घातला आणि जो अडकला तो कायमचाच. पगडी स्वतःची, कफ्तान स्वतःचा, पांढरा रुमाल स्वतःचा, एवढंच काय, लग्नाची नोंद करायची वहीसुद्धा स्वतःची. ती वही म्हणजे त्याच्या दुकानातली मापांची. पडद्यावर तो मान खाली घालून गंभीरपणे लिहिताना दिसतो ना, तेव्हा तो नवरदेवाची छाती एकशे चार, बाही एकसष्ट असं लिहीत असतो. नुसत्या नजरेने. मी एकदा टेप लावून बघितलं, एका सेंटीमीटरचाही फरक नव्हता.

दर मंगळवारी मी नाट्यशाळेत पात्रचित्रण शिकवतो. तिथे माझं एक ठरलेलं भाषण आहे. "पात्रं दोन प्रकारची. माणसं आणि दारं. माणसाला मागची गोष्ट असते, हट्ट असतो, तो सुरुवातीला एक असतो आणि शेवटी वेगळाच होऊन बसतो. दार नुसतं उघडतं आणि नायकाला आत घेतं. हवालदार, दाई, पोस्टमन, काझी, ही सगळी दारं. दाराला नाव द्यायचं नाही. दिलंत, की प्रेक्षक दाराकडेच बघत बसतो आणि नायक बाहेर तिष्ठतो." हे वाक्य मला स्वतःलाच फार आवडायचं. मी ते जरा थांबून, खिडकीबाहेर बघत म्हणत असे.

एका मंगळवारी दसूकी काखेत कापडाचा तागा मारून मागच्या बाकावर येऊन बसला. हात वर करून म्हणाला, "उस्ताद, दाराची बिजागरी कुरकुरत नाही का कधी?"

"कुरकुरली तर तेल घालायचं," मी म्हणालो. वर्ग खो खो हसला. दसूकीही हसला, आणि तागा दुसऱ्या काखेत घेऊन निघून गेला.

तेल घालायचं काम खरं तर दिग्दर्शकांना रोजच करावं लागे. कारण हे दार फारच कुरकुरायचं. मी कागदावर 'काझी' एवढंच लिहायचो, आणि हा गृहस्थ घरून त्या काझीचा अख्खा जन्म लिहून आणायचा. एकदा नायक-नायिका डोळ्यांत डोळे घालून बसलेले, आणि हा लंगडत आत आला.

"कट! लंगडतोयस का?"

"ह्या काझीच्या पायाला कुरूप आहे, साहेब. सकाळपासूनचं हे चौथं लग्न."

दुसऱ्या वेळी रुमाल पसरताना त्याने असा सुस्कारा सोडला की नायिकेला हसू आवरेना. विचारलं तर म्हणे, ह्या काझीची बायको कालच माहेरी निघून गेलीय, तिची आठवण आली. मला येऊन विचारायचा, "उस्ताद, एकच सांगा, ह्याला मुलं किती?" मी म्हणायचो, "दसूकी, तुझी चार वाक्यं आहेत. त्यात मुलं कुठे बसवतोस?" तो म्हणायचा, "वाक्यांत नको. पोटात असू द्यात." कुरूप, सुस्कारा, मुलं, सगळं संकलनात कापलं जाई. उरायची ती पगडी.

आणि ती पगडी लोकांनी इतकी खरी मानली, की गल्लीत त्याचं शिंपीपण कोणाला आठवेना. तंदूरवाला त्याला रांगेत उभं राहू द्यायचा नाही, आधी त्याच्या हातात रोटी ठेवायचा. लग्न न झालेली पोरं त्याला बघून रस्ता ओलांडायची. एकदा तर एक बाई नवऱ्याची कॉलर धरून त्याच्या दुकानात शिरली. "तुम्हीच सांगितलं होतंत ना, बायकोला मायेने वागव म्हणून? ह्यानेही ऐकलं होतं. बघा कसा वागतो!"

"अहो ताई, ते टीव्हीवर होतं. मी शिंपी आहे. हे बघा, हातात सुई आहे."

"एवढे मोठे असून किती नम्र," बाई नवऱ्याला म्हणाली, "नाहीतर तू!"

घरात मात्र दसूकी एका माणसाला कधीच काझी वाटला नाही, आणि ती म्हणजे त्याची बायको. ती म्हणायची, "साऱ्या देशाच्या पोरींची लग्नं लावलीत. आपल्या पोरीच्या वेळी तेवढे बाप व्हा." हे म्हणून सहा वर्षांपूर्वी ती वारली. पोर माहिताब, एकुलती एक, औषधांच्या दुकानात काम करायची. तिचं लग्न ठरलं तेव्हा दसूकी माझ्याकडे आला.

"उस्ताद, तीस वर्षं माझा हात रुमालाच्या वर. बापाचा आणि नवऱ्या मुलाचा हात खाली, आणि मी वरून रुमाल पसरतो. दोन आठवड्यांनी, गुरुवारी, माझा हात खाली. मी फक्त बाप. शब्द दिलाय तिच्या आईला."

पुढचे पंधरा दिवस त्याने मला सोडलं नाही. मी नवरदेव, तो बाप. माझा हात हातात धरून तो विचारायचा, "बाप खाकरेल का? मान ताठ ठेवेल की खाली घालेल?" मी वैतागून म्हणालो, "अरे, काही करू नकोस! तू आहेसच बाप." ते काही त्याला पटलं नाही. स्वतःसाठी त्याने आयुष्यातला पहिला सूट शिवला, राखाडी रंगाचा. कफ्तान आणि पगडी पेटीत टाकून कुलूप लावलं.

गुरुवार उजाडला. दुपारच्या नमाजानंतर आम्ही दसूकीच्या बैठकीत जमलो. नवरा मुलगा रिफाई, दूर दक्षिणेतल्या सोहागकडचा, शांत पोरगा. त्याच्या बरोबर त्याचे काका, हाजी अबुल-वफा. मोठ्या मिशा, जाड काठी. बसल्या बसल्याच त्यांनी मला धारेवर धरलं.

"तुम्हीच का ते लिहिणारे? आमच्या सोहागचा माणूस दाखवायचा म्हटला की हातात बंदूक आणि तोंडात खून. मी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, उस्ताद. बंदुकीला कधी हात लावला नाही. मिशी दिसली की झालं तुमचं! माणूस आत कसा आहे ते बघायला नको?"

मी मान खाली घातली. म्हातारा खरं बोलत होता, आणि माझ्याच विषयावर माझ्यापेक्षा बरं बोलत होता.

एवढ्यात काझी आले. म्हणजे स्कूटर आली, हेल्मेट आलं, आणि हेल्मेटखालून एक पंचविशी-तिशीचा पोरगा निघाला. गुळगुळीत दाढी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, चष्मा, काखेत चामडी बॅग. फ्रिज दुरुस्त करायला आल्यासारखा दारात उभा राहिला आणि बारीक आवाजात म्हणाला, "सलाम. मी शेख करम. ह्या भागाचा काझी."

हा माणूस मी आधी पाहिला होता. पाहिला कसला, लिहिला होता. गेल्या रमजानच्या मालिकेत खलनायक एका गरीब मुलीला फसवायला खोटा काझी आणतो. खरा काझी दसूकीसारखा दिसतो हे सगळ्या देशाला ठाऊक, म्हणून मी खोटा त्याच्या अगदी उलट केला होता. तरुण, गुळगुळीत, शर्ट-पँट, चामडी बॅग. फार हुशारी केली असं तेव्हा वाटलं होतं.

हाजींनी काठी आपटली. "हा काझी?"

"होय, हाजी. हे माझं ओळखपत्र. ही सरकारी वही. हा शिक्का."

"शिक्का त्यानेही दाखवला होता," हाजी म्हणाले. "एकविसावा भाग. माझ्या बायकोने त्या दिवशी जेवण टाकलं होतं. आणि बघा, लिहिणारे महाशयही इथे हजर! आमच्या पोराला फसवायला नाटक रचलंय का?"

"हाजी, ते मी बनवलेलं होतं हो," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय. हेही तुम्हीच बनवलंय." मग काठीचं टोक दसूकीकडे वळलं. "आणि एवढे मोठे शेख घरात असताना ह्या पोराची गरजच काय? रिफाईच्या आईचं लग्न झाल्यापासून आम्ही ह्यांना बघतोय. ह्यांनी लावलेलं एकही लग्न मोडलेलं नाही."

हे बाकी खरं होतं. मालिकाच तिथे संपायची.

"हाजी, मी मुलीचा बाप आहे," दसूकी म्हणाला. "आणि मी शिंपी आहे."

"नम्रपणा पुरे. निकाह शेख दसूकी लावतील. नाहीतर साडेपाचच्या गाडीने आम्ही सोहागला परत."

घरात एकदम गडबड उडाली. रिफाई काकांना समजावू लागला, तर ते म्हणाले, "तू गप, तुला मालिका बघायला वेळ कुठे असतो?" आत बायकांनी आनंदाच्या आरोळ्या ठोकायला घेतलेला श्वास तसाच धरून ठेवला. कोणीतरी पेटीची किल्लीसुद्धा शोधून आणली.

मी दसूकीला खिडकीशी ओढलं. अडचणीतून वाट काढणं हेच माझं पोट भरायचं काम. "ऐक. तू कफ्तान घाल. चार वाक्यं म्हण, तुझी पाठच आहेत. खरी नोंद हा पोरगा बाजूला बसून करील. बापाच्या जागी मी हात देतो, तू मला मुखत्यार नेमलंस की झालं. लग्न कायदेशीर, हाजी खूश. कोणाचं काय बिघडलं?"

 दसूकीचा हात सूटच्या खिशावरून फिरला, तिथे बायकोचा छोटा फोटो होता हे मला माहीत होतं. "बरोबर आहे उस्ताद," तो हळूच म्हणाला. "चारच तर वाक्यं आहेत." आणि किल्ली घ्यायला त्याने हात पुढे केला.

तेव्हा आतल्या दारातून माहिताब म्हणाली, "बाबा, तुम्ही काझी झालात तर माझा बाप कोण? हे उस्ताद?"

मी आयुष्यात बरेच चांगले संवाद लिहिले आहेत, असा माझा समज होता. त्या वाक्यानंतर मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

दसूकीने किल्ली घेतली. पण पेटी उघडायच्या आधी त्याने शेख करमचा दंड धरला आणि त्याला आतल्या खोलीत नेलं. मीही मागोमाग गेलो. तो बिचारा घामाघूम झाला होता. "शेख," तो दसूकीला म्हणाला, "खरं सांगू का? शाळेत असताना तुम्हालाच बघून मी काझी व्हायचं ठरवलं. घरी रुमाल घेऊन उशांची लग्नं लावायचो. बोलायच्या आधी तुमच्यासारखं थांबायला मला अजून जमत नाही."

"छाती अठ्ठ्याण्णव," दसूकी पुटपुटला. "खांदे पडलेले. हरकत नाही." कफ्तान बाहेर आला. तीस वर्षांत जाड झालेल्या माणसाचं कापड त्या काटकुळ्या अंगावर लोंबू लागलं. दसूकीने तोंडात टाचण्या धरल्या आणि पाठीला, कमरेला, बाह्यांना भराभर टोचत सुटला. "हलू नकोस. चष्मा असू दे, वय वाढतं. पगडी जरा मागे. आता चाल. असा नको, तुझ्या पायाला कुरूप आहे. सकाळपासूनचं चौथं लग्न."

"नाही हो, पहिलंच आहे."

"चौथं! आणि घरी तीन मुलं आहेत, धाकट्याला गोवर आलाय. म्हणून तू दमलायस, पण पोरांवर तुझी माया आहे. आवाज तिथून काढ. बोलायच्या आधी वहीकडे बघ, मग मुलाकडे, मग थांब. हाजी श्वास घेतील, तेव्हा सुरू कर."

तीस वर्षं संकलनाच्या खोलीत कापलेलं सगळं त्याने पाच मिनिटांत त्या पोराच्या अंगावर टाचलं.

शेख करम बाहेर आला तो किंचित लंगडत. दारात थांबला, बैठकीवरून दमलेली, मायाळू नजर फिरवली आणि खालच्या पट्टीत सलाम केला. हाजी अबुल-वफा ताडकन उठून उभे राहिले.

"या, या काझीसाहेब! किती उशीर! इथे एक स्कूटरवाला भामटा येऊन गेला. गेला का तो?"

"हाकलून दिला त्याला," दसूकी म्हणाला.

"छान केलंत. मला तोंड बघूनच कळलं होतं." हाजी माझ्याकडे वळले. "बघितलंत उस्ताद? काझी असा असतो."

मी होकार दिला. ज्याच्याकडे खरी वही आणि खरा शिक्का होता, त्याला खरं दिसायला टीव्हीवरच्या काझीचे कपडे लागले, आणि त्या कपड्यांचा नियम मी घालून दिलेला. 

सगळे बसले. मध्ये रिफाई आणि दसूकी समोरासमोर. काझीने सांगितलं, उजवे हात हातात घ्या. रिफाईने हात पुढे केला, आणि दसूकीने सवयीने रुमालच उचलून पसरला. बैठक हसली. करमने रुमाल त्याच्या हातातून सोडवून घेतला, त्याचा हात धरून रिफाईच्या हातात दिला आणि वरून रुमाल घातला. दसूकी त्या पांढऱ्या कापडाकडे असा बघू लागला, जणू त्याच्या खाली काय असतं ते त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

"माझ्यामागून म्हणा," करम म्हणाला. वहीकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, थांबला. हाजींनी श्वास घेतला. "माझी मुलगी माहिताब..."

दसूकी रुमालाकडेच बघत होता.

"माझी मुलगी माहिताब," करमने पुन्हा सांगितलं.

हे वाक्य दसूकीला झोपेत उठवलं तरी येतं. त्याने ते किती बापांना सांगितलं असेल त्याला गणती नाही. ते बाप अडखळले की हाच त्यांना हळूच पुरवायचा. आता त्याचे ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता. त्याने मान ताठही ठेवली नाही आणि खालीही घातली नाही. खाकरला नाही. पंधरा दिवस ज्याची तालीम केली त्यातलं त्याला काहीच आठवलं नाही. कपाळावर घाम आला, नाक वाहू लागलं, आणि उजवा हात अडकलेला म्हणून त्याने नाक नव्या सूटच्या डाव्या बाहीला पुसलं. स्वतः शिवलेल्या सूटला. मग तो बारीक, चिरक्या, कसल्याच वजनाच्या नसलेल्या आवाजात घाईघाईने म्हणाला, "माझी मुलगी माहिताब तुझ्याशी, तू, तिला, म्हणजे हे लग्न मी लावून देतो, अल्लाहच्या नावाने, तिला संध्याकाळी चहा लागतो."

"शेवटचं नका म्हणू," करम कुजबुजला.

"राहू द्या," रिफाई म्हणाला. "कबूल आहे. चहासकट."

मग बायकांच्या आरोळ्यांनी छत उडायची वेळ आली. रिवाजाप्रमाणे पोरांनी झडप घालून रुमाल पळवला, लाल सरबताचे पेले फिरू लागले. करमने खरी वही उघडली आणि विचारलं, "वधूच्या वडिलांचं नाव?" दसूकीने पूर्ण नाव सांगितलं, आजोबांपर्यंत. "धंदा?" तो म्हणाला, "शिंपी." ह्या वेळी कोणी नम्रपणाचं नाव काढलं नाही. त्याने सही केल्यावर मी वाकून बघितलं. त्याने खरंच सही केली होती, माप लिहिलं नव्हतं.

हाजी अबुल-वफांनी सरबताचा पेला हातात घेऊन मला बाजूला बोलावलं. डोळे पुसत म्हणाले, "उस्ताद, काझी छान होता, पण बाप! असा बाप मी अजून कुठल्या मालिकेत बघितला नाही. ह्या माणसाला तुम्ही वाया घालवलात. बापाचं काम का नाही दिलंत कधी?"

तेवढ्यात माझं लक्ष दसूकीकडे गेलं. सगळे उठले होते. रिफाई केव्हाच हात सोडवून माहिताबकडे गेला होता. दसूकी मात्र तिथेच बसला होता, उजवा हात पुढे तसाच धरून. मला समजलं तो कशासाठी थांबलाय. रुमाल पळवला की आमच्या मालिकांत 'कट' म्हणतात. दिवे विझतात, सगळे चहाला जातात. त्याच्यापुढे मी कधी एक ओळही लिहिली नव्हती.

मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो. त्याने हात खाली न घेताच विचारलं, "उस्ताद, आता पुढे बाप काय करतो?"

"मला माहीत नाही, दसूकी," मी म्हणालो.

आतून माहिताबने हाक मारली, "बाबा, शेखना टाचण्या टोचतायत, या लवकर!" आणि तो उठून आत गेला.